प्रश्न वाचकांचे : पुराव्याच्या नाना तऱ्हा

गेल्या अंकात पुण्यातील संशोधन संस्थांवर आम्ही जो लेख छापला होता, त्यावर बरीच पत्रे आली. विज्ञान, कायदा, आरोग्य आणि समाजशास्त्र या सर्वांना ‘संशोधन’ या एकाच छत्राखाली बसवणे कितपत योग्य आहे, अशी शंका अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून, पत्रलेखकांची नावे गाळून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : एका आठवड्यात ‘कॉफी हृदयाला हितकारक, संशोधनातून सिद्ध’ अशी बातमी येते आणि पुढच्या आठवड्यात नेमकी उलटी. दोन्हींच्या तळाशी कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाचे नाव असते. सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा तो कशावर?
— निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, मात्र तिचा रोख संशोधनापेक्षा मथळे लिहिणाऱ्यांकडे अधिक असायला हवा. समजा, एखादा आजार हजारात दोघांना होतो आणि एखाद्या सवयीमुळे तो तिघांना होऊ लागला, तर ‘धोका 50 टक्क्यांनी वाढला’ असेही छापता येते आणि ‘हजारामागे एक रुग्ण वाढला’ असेही छापता येते. दोन्ही विधाने खरी आहेत, पण सकाळच्या चहाबरोबर वाचताना त्यांचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून टक्केवारी दिसली की ती कशाची, एवढे तरी शोधावे. बातमीत ते दिलेले नसेल तर बातमी बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

याहून महत्त्वाचा फरक अभ्यासाच्या प्रकारात असतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शहरालगतच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे 3.5 किलो. परंतु बाळे हडकुळी दिसत असली तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, आणि ज्या देशात सडपातळ माणसांनाही मधुमेह होतो त्या देशाच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची ठरली. पुढे 2008 मध्ये याच गटाने दाखवून दिले की, गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळते.

हे निरीक्षण झाले. कार्यकारणभाव सिद्ध करायला ते पुरेसे नाही, कारण बी-12 कमी असणाऱ्या मातांचा आहार, कष्ट आणि घरची परिस्थिती यांतही फरक असू शकतो. म्हणून 2012 मध्ये, त्या अभ्यासात जन्मापासून नोंद असलेली मुले किशोरवयात आल्यावर, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना बी-12 देण्याची चाचणी सुरू झाली. या मुलामुलींच्या पुढच्या पिढीपर्यंत परिणाम पाहावयाचा, असा तिचा हेतू आहे. त्याच घरांना एकदा ‘काय घडते?’ असे विचारले गेले आणि जवळपास वीस वर्षांनी ‘आपण एक गोष्ट बदलली तर काय घडेल?’ असे. कॉफीच्या बहुतेक बातम्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचा मथळा चढवतात.

प्रयोग करून पाहण्याची ही सोय सर्व शास्त्रांना नसते, हेही ध्यानात घ्यावे. रसायनशास्त्रज्ञ पाषाणच्या प्रयोगशाळेत तीच अभिक्रिया दहा वेळा करून पाहू शकतो, पण 1972 चा पावसाळा पुन्हा पाडून पाहता येत नाही. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात; त्याच खात्याचे आधीचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरातील वायुदाब आणि पर्जन्याच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचे परस्परविरोधी हेलकावे त्यातून हाती लागले. तेथे जुन्या नोंदींची वहीच प्रयोगशाळा होती.

प्रश्न : आमच्या गावात आरोग्याच्या एका अभ्यासासाठी माणसे येतात. सोबत आशाताई असतात, त्यामुळे नाही म्हणवत नाही. माझी सून गरोदर आहे. तिच्या रक्ताचा नमुना मागितला आहे आणि चार पानी कागदावर सही मागितली आहे. सही केली तर आपण कशात अडकतो का? नाही केली तर दवाखान्यात मागे ठेवतील का? घरात मी मोठी असल्याने सही मीच करू का?
— गृहिणी, शिरूर तालुका

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. सूनबाई सज्ञान आहेत, रक्त त्यांचे आहे, तेव्हा निर्णय आणि सही त्यांचीच. आपला किंवा मुलाचा सल्ला त्यांनी जरूर घ्यावा, पण घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी ही त्यांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत.

सहीने कोणीही अडकत नाही. अभ्यासातून कोणत्याही दिवशी, कारण न सांगता बाहेर पडता येते, आणि नकार दिला म्हणून नेहमीच्या उपचारांत कसूर करता येत नाही; ही दोन्ही वाक्ये त्या चार पानांत लिहिलेली असलीच पाहिजेत. नसतील तर तो कागद परत करावा. कागद मराठीत असावा, त्याची एक प्रत आपल्याकडे राहावी, आणि वाचता न येणाऱ्या व्यक्तीला तो अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवून मग अंगठा घ्यावा, असा नियम आहे. पुढे मुलांचा सहभाग मागितला गेला तर आईवडिलांच्या संमतीखेरीज खुद्द मुलाचाही होकार लागतो : सात वर्षांपासून तोंडी आणि बारा वर्षांनंतर लेखी.

दोन गोष्टी विशेष करून पाहाव्यात. घेतलेले रक्त याच अभ्यासापुरते वापरणार, की साठवून ठेवून पुढे आणखी कशासाठी वापरणार, हे लिहिलेले असते आणि साठवणुकीला वेगळा होकार किंवा नकार देता येतो. बहुतेक लोक हा चौकोन न वाचताच पुढे जातात. दुसरे म्हणजे, ज्या एथिक्स कमिटीने अभ्यासाला मान्यता दिली तिचा दूरध्वनी क्रमांक कागदावर असतो. तो शोभेसाठी दिलेला नसतो. शंका असल्यास आशाताईंना किंवा येणाऱ्या माणसांना न विचारता थेट तेथे फोन करावा.

केवळ रक्ततपासणी आणि प्रश्नावली असेल तर धोका फारसा नाही. मात्र नवे औषध किंवा लस देऊन पाहणारी चाचणी असेल तर तिला 2019 चे नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीचे नियम लागू होतात. त्यानुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे, आणि अशी प्रत्येक चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर, सुरू होण्यापूर्वीच नोंदलेली असावी लागते; ही सक्ती 15 जून 2009 पासून आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून तो मोबाइलवर तपासून घ्यावा, एवढे काम पाच मिनिटांचे आहे.

आशाताईंच्या संकोचाबद्दल आपण लिहिले आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या बाई लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत धावून येतात, त्यांच्यासमोर नाही म्हणणे जड जाते, हे अभ्यास आखणाऱ्यांनाही ठाऊक असते. चांगले संशोधक म्हणूनच संमतीच्या वेळी ओळखीच्या कार्यकर्तीला बाजूला ठेवतात. येथे तसे झालेले दिसत नाही. तेव्हा ‘विचार करून दोन दिवसांनी सांगतो’ असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो वापरल्याने कोणाचाही अपमान होत नाही.

प्रश्न : मी एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोलीवरची मैत्रीण सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आणि म्हणते की, निकालपत्रे वाचून त्यांवर टिपणे काढणे हे संशोधन नव्हे, तो अभ्यास झाला. मला तिला चोख उत्तर देता आले नाही.
— विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

उत्तर : मैत्रिणीला 1979 मधील एका पत्राची हकीकत सांगा. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, त्याअर्थी विरोध नव्हता, असा त्या निकालाचा ढोबळ आशय होता. (पाठ्यपुस्तकांत हा खटला त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. आजचा कायदा पीडितेचे नाव छापू देत नाही, आणि ही मनाईही याच प्रकरणानंतरच्या दुरुस्तीने आली, म्हणून ते येथे देत नाही.)

सप्टेंबर 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : दिल्लीचे उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार, व पुण्याचे रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. त्यांच्याजवळ नवा साक्षीदार नव्हता, सर्वेक्षण नव्हते, कुठलेही उपकरण नव्हते. जे सर्वांना उपलब्ध होते तेच निकालपत्र त्यांनी ओळीओळीने वाचले आणि दाखवून दिले की, मुकाट्याने शरण जाणे आणि संमती देणे यांतील कायद्याने मानलेला भेद न्यायालयाने पुसून टाकला आहे. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात असलेल्या गरीब मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ न्यायालयाने तिची परिस्थिती वगळून लावला आहे. पत्र प्रसिद्ध झाल्यावर देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. पुनर्विचाराची याचिका फेटाळली गेली, पण 1983 मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय पुरावा कायद्यात कलम 114-अ आले : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे.

निकालपत्रे वाचून काढलेली टिपणे इथवर जाऊ शकतात. मैत्रिणीची तक्रार मात्र पूर्णपणे खोडून काढता येत नाही, कारण विधी महाविद्यालयांतून दरवर्षी सादर होणारे अनेक प्रबंध निकालांचे उतारे एकाखाली एक लावण्यापलीकडे जात नाहीत. फरक कोठे पडतो? ज्या टिपणातून कायद्यातील एखादी विसंगती, गृहीतक किंवा पोकळी उघड होते आणि ते दुसऱ्या वाचकाला त्याच कागदपत्रांवरून तपासून पाहता येते, ते संशोधन. वरच्या पत्राला दुसरा कोणताही निकष लावण्याची गरज पडत नाही.

शिवाय कायद्याचा अभ्यास केवळ ग्रंथालयात बसून करण्याचा काळ मागे पडत चालला आहे. तुम्हाला हवे असल्यास शिवाजीनगरच्या न्यायालयात एका प्रकारचे, समजा पोटगीचे, खटले निवडून त्यांचे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदी, वाचा. तारीख का पडली, हे प्रत्येक रोजनाम्यात एका ओळीत असते : वकील गैरहजर, समन्स बजावले नाही, न्यायाधीश रजेवर, आपसात बोलणी चालू. ‘खटले रखडतात’ हे सर्वांनाच ठाऊक आहे; कोणत्या कारणाने किती रखडतात, हे त्या ओळी मोजल्याखेरीज कळत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला मार्गदर्शक सहसा तयार होत नाहीत, तेव्हा आधी त्यांचे मन वळवावे लागेल.

प्रश्न : मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली आणि आता महाभारताच्या हस्तलिखितांवर संशोधन करायचे म्हणते. तिच्या काकांचे म्हणणे असे की, भांडारकर संस्थेने महाभारताचे काम कधीच संपवले, आता त्यात उरले काय? व्हायरसवर काम करणाऱ्यांना निदान जग विचारते. आमची द्विधा मनःस्थिती झाली आहे.
— पालक, कर्वेनगर

उत्तर : काकांनी व्हायरसचे उदाहरण घेतले हे बरे केले, कारण ही दोन कामे त्यांना वाटतात त्याहून जवळची आहेत.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचे, काम 1919 मध्ये हाती घेतले आणि ते 1966 मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. स. सुखठणकर 1925 मध्ये मुख्य संपादक झाले आणि पद्धतीला शिस्त आली ती त्यांच्या हाताखाली. फुलस्केप कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारलेल्या असत. सर्वांत वर प्रचलित पाठातील श्लोक, एकेका अक्षराला जागा सोडून लिहिलेला. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ. आणि ज्या अक्षरापाशी त्या प्रतीचा पाठ वेगळा असेल, नेमक्या त्या अक्षराखाली तो भेद नोंदवायचा. खाडाखोड आणि समासातील भर यांच्यासाठी उजवीकडे वेगळा रकाना, आणि जास्तीचे श्लोक तळाशी. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी अशा लिप्यांतील प्रती अशा रीतीने एका कागदावर समोरासमोर आल्या.

एवढे केल्यावर खरा तर्क सुरू होतो. दोन प्रतींत एकच शुद्ध पाठ असला तर त्यावरून त्यांच्या नात्याबद्दल काहीच सांगता येत नाही. पण दोहोंत एकच चूक असली, तर ती चूक असलेल्या एखाद्या समान पूर्वज प्रतीवरून दोन्ही उतरल्या असाव्यात. पाषाणच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ विषाणूंची वंशावळ याच तर्काने लावतात. करोनाच्या विषाणूचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे, प्रत्येक नक्कल होताना त्यात क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि दोन रुग्णांच्या विषाणूंत तीच चूक आढळली तर त्यांचे घराणे एक. अडचणसुद्धा सारखीच येते. एखादा लेखनिक दोन प्रती समोर ठेवून दोहोंतून उतरवत असे, आणि अशी सरमिसळ महाभारतात इतकी झाली आहे की सुखठणकरांना नेटकी वंशावळ मांडणे अवघड झाले. विषाणूही एकाच पेशीत दोन प्रकार शिरले तर आपले तुकडे अदलाबदल करतात आणि वंशावळीचा गुंता होतो.

तेव्हा आवृत्ती पूर्ण झाली म्हणजे काम संपले, असे नाही. त्या आवृत्तीच्या तळटिपांतील पाठभेद संगणकाच्या साह्याने नव्याने तपासता येतात, आणि ज्याला हस्तलिखितही वाचता येते व थोडी आकडेमोडही जमते असा माणूस दुर्मीळ आहे. मुलीने शारदा किंवा ग्रंथ यांपैकी एक लिपी आणि एक संगणकीय भाषा शिकावी, असे मी सुचवेन. डेक्कन कॉलेजात 1948 पासून चालू असलेल्या संस्कृत महाकोशाचे कामही अद्याप संपलेले नाही, तेथेही असे हात लागतात. नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्या उशिरा मिळतात, हे मात्र तिला आताच स्पष्ट सांगावे. काकांच्या बोलण्यात तेवढा भाग खरा आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सर्वेक्षणासाठी मुले-मुली येतात. एका मुलीला मी म्हटले, ‘सात नंबरचे जोशी घरी नाहीत, आठ नंबरला विचारा.’ तर नाही म्हणाली आणि तीनदा सात नंबरलाच आली. हा हट्ट कशासाठी?
— सोसायटीचे सचिव, कोथरूड

उत्तर : ती मुलगी आपले काम चोख करत होती. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या, निवडीत सात नंबर आला असेल तर त्याच्या जागी आठ नंबर चालत नाही, कारण दुपारी घरी सापडणारी माणसे आणि न सापडणारी माणसे सारखी नसतात. जी घरे सहज उघडतात तेवढीच मोजली तर शहरात निवृत्तांची संख्या भलतीच फुगेल आणि दोघेही नोकरी करणारी कुटुंबे गायब होतील. पुण्यात ही परंपरा जुनी आहे : गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी करवली होती, आणि त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये, माणशी रोज 2250 उष्मांक मिळण्याइतका खर्च किती कुटुंबांना परवडतो या हिशेबाने, देशातील दारिद्र्याचा अंदाज मांडला. तो हिशेब सरकारी पाहणीतील घराघरांच्या खर्चाच्या आकड्यांवर उभा होता. ओळखपत्र जरूर पाहावे, पण घर बदलून देऊ नये.

प्रश्न : भाच्याला एका जर्नलकडून ई-मेल आला आहे : ‘पेपर पाठवा, तीन दिवसांत प्रसिद्ध करू, सोबत प्रमाणपत्र.’ शुल्क काही हजार रुपये आहे. पीएच.डी.साठी पेपर लागतोच म्हणून तो पैसे भरायला निघाला आहे.
— प्राथमिक शिक्षक, भोर

उत्तर : त्याला थांबवावे. त्या विषयातील दोन जाणकारांनी पेपर वाचून, शंका काढून, दुरुस्त्या सुचवून तो परत पाठवणे, हे तीन दिवसांत होत नाही. तीन दिवसांत फक्त पैसे जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती काढून टाकली आहे, तेव्हा त्याच्या विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे ते आधी लेखी विचारून घ्यावे. आयोगाची ‘केअर’ ही मान्यताप्राप्त जर्नलांची यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘आमचे नाव केअर यादीत आहे’ असे ई-मेलमध्ये लिहिले असेल तर तेवढ्याने भुलून जाऊ नये. संपादक मंडळावरील दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर पत्र पाठवून ‘आपण खरोखर या मंडळावर आहात का?’ असे विचारावे. आपले नाव तेथे आहे हे त्यांनाच ठाऊक नसते, असे पुष्कळदा निघते.